पेंग्विनच्या आजीविषयी

तीर्थस्वरूप किशनमामांच्या पायांवर भुजंगने डोकं ठेवलं आहे (गुडघ्यांना धक्का न लावता). मामींची शुगर, आपले गुडघे आणि घरासमोरचं खोदकाम, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. परभणीत ऊन तापलं असेल, तर आपण दुपारचं बाहेर पडू नये. इकडे सर्व क्षेम. येलदरी धरणाला पाणी भरपूर, सोयाबीन काढणीला आलं आणि आमच्या वस्तीवरच्या शाळेला टीव्ही मिळाला. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपण मधेच हसता आणि मग पुढचं सांगायचा मला धीर राहत नाही.

टीव्ही निम्मी भिंत व्यापतो. मुंबईच्या एका संस्थेने दिला, सोबत पेन ड्राइव्ह, आणि त्यात जगभरच्या प्राण्यांचे आणि माणसांचे चाळीस माहितीपट. आपण कृषी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म घातला, आपल्याला त्यांचं मोल कळेल. अडचण एकच, चाळीसही इंग्रजीत. (बारावीतले माझे इंग्रजीचे गुण ऐकून आपण जे म्हणाला होतात ते मी विसरलेलो नाही.) पहिल्या दिवशी आवाज चालू ठेवला. दहा मिनिटांत अर्धा वर्ग झोपला आणि त्या अर्ध्यात मीही होतो. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद करून, हातात मोठी फूटपट्टी घेऊन मी टीव्हीशेजारी उभा राहू लागलो. चित्र त्यांचं, बोलणं माझं.

आता मामा, वस्तीतली निम्मी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यामुळे पोरांना जगातलं काहीही दाखवा, ती ते उसाच्या फडातच नेऊन सोडतात. मंगोलियातली माणसं तंबू गुंडाळून निघाली, तर पोरं म्हणाली टोळी निघाली. बर्फाचं घर दाखवलं, तर म्हणे, "गुर्जी, ह्यांची कोपी लय गार आसंल." (कोपी म्हणजे तोडणीच्या मुक्कामावरची पाचटाची झोपडी. आत ताठ उभं राहता येत नाही, म्हणून आपल्या गुडघ्यांना चालणार नाही.) आफ्रिकेतले लाखभर प्राणी नदी ओलांडत होते, मी भारावून सांगत होतो, तर सगळ्यांनी मिळून विचारलं की ह्यांचा मुकादम कोणता? मी घाईत एका जाडजूड नरावर फूटपट्टी ठेवली. दोन मिनिटांनी त्याला मगरीने ओढून नेलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हळूहळू शाळा सुटल्यावर गावही टीव्हीसमोर येऊन बसू लागलं. त्यात छबूबाई, आमच्या पंकजाची आजी. पंकजा सातवीत आहे आणि मी फळ्यावर गणित चुकलो तर उठून येऊन स्वतः पुसते. (मला राग येत नाही. म्हणजे थोडा येतो.) तिचे आई-बाप दरवर्षी तोडीला जातात, कोपीवर भाकरी टाकायला छबूबाई जाते, आणि मागे कोणी उरत नाही म्हणून पंकजाही जाते. पाच महिन्यांनी परतते तेव्हा अपूर्णांक विसरलेली असते आणि मोळी बांधण्यात पटाईत झालेली असते. तिच्याबरोबरच्या दोघींची शाळा अशीच सुटली, त्यातल्या एकीचं लग्नही झालं. यंदा ही गेली तर तिचंही तेच होणार. मामा, ह्या पोरीसाठी माझा जीव तुटतो, एवढं मात्र हसण्यावारी नेऊ नका. छबूबाईला पोरीजवळ मागे ठेवा म्हणून तिच्या बापाला, सूर्यभानला, मी तीनदा भेटलो. तिन्ही वेळा एकच उत्तर, "म्हातारी मागं राह्यली तर भाकरी कोन टाकील, तुमी येता का?"

अशात पेंग्विनांचा दिवस आला. मादी समुद्रावर जाते आणि नर दोन महिने अंडं पायावर घेऊन थंडीत उभा राहतो, हे मी खरंखुरं सांगितलं. (बायकांनी नवऱ्यांकडे पाहिलं. चौघे तंबाखूच्या निमित्ताने उठले.) मग पिल्लं मोठी झाली, आई-बाप दोघेही निघून गेले, आणि घोळक्याशेजारी एकच थोराड पेंग्विन उभी राहिली. मागून छबूबाईचा आवाज आला, "गुर्जी, समदे गेले, मंग ही कामून मागं राह्यली?"

मला ठाऊक नव्हतं. पंकजा पुढच्याच रांगेत बसली होती. मी म्हणालो, "ती आजी आहे. पिल्लांची शाळा बुडू नये म्हणून थांबते." (पेंग्विनांना शाळा असते हे कशाच्या आधारावर म्हणालो, विचारू नका.) सूर्यभानने विचारलं, भाकरीचं काय? म्हटलं, त्यांच्यात नरही करतो. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या दारात. "पाखराला कळायलंय, आमाला न्हाई कळत व्हय? आई राहील मागं." गेले आठ दिवस तो भाकरी थापायला शिकतोय. पहिली मीच खाल्ली. दात शाबूत आहेत.

मामींना नमस्कार. अकरा तारखेला आमच्या शाळेत आपलं 'पक्ष्यांचे कुटुंबजीवन' हे व्याख्यान ठरलंय, असं मुख्याध्यापकांनी आज सांगितलं. फार आनंद झाला. (झोप उडाली.) जिंतूरच्या बसस्टँडवर मोटरसायकल घेऊन हजर असेन.

आपला आज्ञाधारक भाचा,
भुजंग

ता. क. टोळीचा ट्रक चौदा तारखेला निघतो. व्याख्यानाला अख्खा गाव असेल आणि पेंग्विनच्या आजीविषयी कुणीतरी विचारणारच. आपल्याला खोटं बोलवत नाही हे मी लहानपणापासून सोसलेलं आहे, म्हणून खोटं बोला असं म्हणत नाही. आपण फक्त कावळ्यांवर बोलावं. प्रश्न आलाच तर खोकावं. चौदा तारखेनंतर सगळं खरं सांगायला मी स्वतः आपल्याला परत घेऊन येईन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच छबूबाई आली. पत्र कुणाला म्हणून विचारलं, तर म्हटलं पाखरांच्या प्रोफेसरांना. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "त्यान्ला लिवा, ती आजी नव्हती हे सूर्यभानला कळू देऊ नका. मला तवाच कळलं. एवढी पिल्लं भवताली आन् ही नुसती उभी! आजी आसती तर एकाचं तरी नाक पुसलं आसतं."