पोट, विश्राम

१० जानेवारी

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

मला दमा नाहीच, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं दम्याचा फवारा मी इमानेइतबारे उगाच ओढला. नाकातून बारीक कॅमेरा घालून त्यांनी माझा घसा पडद्यावर दाखवला. श्वास घेताना स्वरतंतूंनी बाजूला व्हायचं असतं. माझे नेमके तेव्हाच दार लावून घेतात. म्हणून मी बसस्थानकाच्या माइकवर ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हणते आणि पुढे नुसती शिट्टी वाजते.

यावर गोळी नाही, सवय बदलायची. श्वास नाकाने थेट पोटात घ्यायचा, फुंकर घालत सोडायचा. पोटाला पट्टा बांधतात. पोट फुगलं की पडद्यावरची रेघ चढते. माझी रेघ टेबलासारखी सपाट. शिकवणाऱ्या बाईंनी आधी वायर तपासली, मग विचारलं, पोट एवढं आवळून का धरता? मी सांगितलं, वडील पोलिसांना कवायत शिकवायचे.

महिनाअखेर स्थानकाचे साहेब माझी घोषणा ऐकणार. जमली नाही तर माझ्या जागी यंत्राचा आवाज. तो मी ऐकलाय. गाडी चुकलेल्या माणसाबद्दल त्याला काहीही वाटत नाही. मला भीती वाटते, अप्पा.

आईस नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.

आपली,
भोंगा

१६ जानेवारी

चि. भोंग्यास अ. उ. आ.

एका रडण्यात अख्खी आळी उठवणारी तू, म्हणून हे नाव पडलं. त्या घशाला दार कुठून आलं?

‘छाती बाहेर, पोट आत’ हे मी जन्मभर शिकवलं. एकाही शिपायाची तक्रार नाही. तू तर उभी राहायला लागलीस तेव्हापासून शिकलीस. पोट सोडणं म्हणजे शिस्त सोडणं. त्या बाईंना पट्टा बदलायला सांग. त्रास झाला की ताठ उभी राहा आणि तोंड उघडून मोठा श्वास ओढ.

तुझी आई म्हणते, यांना यातलं ओ की ठो कळत नाही. हे तिचं मत आहे.

काळजी लागून आहे. खुशाली कळवत जा.

अप्पा

२१ जानेवारी

ती. अप्पांस सा. न.

तुमचा उपाय केला. घशाने दार आणखी घट्ट लावलं आणि मी खुर्ची धरून खाली बसले. तोंडाने हवा ओढली की असंच होतं, असं बाई म्हणाल्या.

फुंकर आता जमते. पोट ऐकत नाही. बाई त्याच्याशी फार गोड बोलतात, पण ते गोड बोलण्यावर वाढलेलं नाही. तुमच्या हुकमावर आत गेलं. पुढचा हुकूम काही आला नाही.

रागावला असाल तरी उत्तर पाठवा.

भोंगा

२५ जानेवारी

चि. भोंग्यास आशीर्वाद.

‘सावधान’नंतर ‘विश्राम’ द्यावाच लागतो, असा नियम आहे. तो द्यायचा राहून गेला. आता देतो, माझ्या आवाजात वाच: पोट, विश्राम.

हुकूम देण्याआधी स्वतः करून पाहावं, म्हणून आरशासमोर उभं राहून मीही पोट सोडलं. तुझ्या आईने पाहिलं आणि ती आत जाऊन बराच वेळ हसली. पँटचं बटण शिवायला टाकलं आहे.

साहेबांसमोर घाबरू नकोस. मी आहे.

अप्पा

३१ जानेवारी

ती. अप्पांस शि. सा. न.

साहेब शेजारी उभे होते. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ म्हटलं आणि घसा मिटायला लागला. मी तुमच्या आवाजात म्हटलं, पोट, विश्राम. पोट सुटलं, श्वास आत आला, आणि मी सगळ्या गाड्या एका दमात सांगितल्या. यंत्राचा खोका साहेबांनी परत पाठवला. मी माइक बंद करून तिथेच रडून घेतलं.

फक्त हुकूम देताना माइक चालूच होता. तो सगळ्या फलाटांवर गेला. माझ्या खोलीच्या दाराशी निवृत्तीला आलेला एक हवालदार ताठ उभा होता, तुमच्याच हाताखालचा असावा. त्याने कोणाकडेही न पाहता पोट सोडलं. इतका सुखी माणूस मी या स्थानकावर कधी पाहिला नाही.

आईला सांगा, बटण जरा पुढे शिव. लोभ आता पोटभर असू द्या.

भोंगा