सुगरणीची एकच रेघ

७ जुलै २००३
वैदेही पुण्याहून लॅबमध्ये माझ्यानंतर आली, आणि सुगरणींच्या डीएनएतली बदलती जागा पहिल्यांदा तिला सापडली. मी तपासलेल्या जागा सगळ्या पाखरांत सारख्याच. गाईड सरांनी लॅबभर पेढे वाटले. दोन खाल्ले. जळले, साफ जळले.

९ जुलै
आईला समजावलं. प्रत्येक जागेची एक प्रत आईची, एक बापाची. वेगळ्या असल्या तर डीएनएच्या फोटोत दोन रेघा, सारख्या तर एक. माझ्या सगळ्यांना एकच.
"म्हंजी तुझं वाया गेलं की."
व्हय.

१४ जुलै
वैदेहीच्या फोटोत निम्म्या पाखरांना एकच रेघ. तिचा निष्कर्ष : आईबापाच्या प्रती इतक्या सारख्या, म्हणजे कागलजवळच्या विहिरीवरच्या सुगरणी नात्यातच जोड्या जमवतात. सर खूश. सोमवारी पेपर जाणार.
पाखरं कुणी धरली? मी, चिखलात उभी राहून. मळेवाले आबा ओरडायचे, "ओ बाई, एवढ्याशा पाखराचं रगात काढून काय गावनार हाय?" हिनं ती विहीर पाहिलेलीही नाही.

१७ जुलै
तिचा फोटो मागून घेतला. खोड काढायलाच, खोटं कशाला बोलू. नळ्यांवर नुसते नंबर. नर कोण, मादी कोण, हे तिनं विचारलंच नव्हतं. मी पाखरं धरतानाच्या माझ्या नोंदींशी नंबर जुळवले. दोन रेघांचे सगळे पिवळ्या टोपीचे नर. माद्या झाडून सगळ्या एका रेघेच्या.
नात्यातल्या जोड्या कसल्या! तिची जागा नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर आहे. पाखरांत माणसांच्या उलट : नराकडे ते दोन, मादीकडे एकच, बापाकडून आलेलं. मग दुसरी रेघ येणार कुठून?
इतका आनंद झाला की लाज वाटली. कुणाला बोलले नाही.

१८ जुलै
आनंद टिकला नाही. दोन रेघा म्हणजे नक्की नर. हे पिसं न फुटलेल्या पिल्लातही कळेल. म्हणजे चूक दाखवली तर तिचीच जागा आणखी मोलाची. काय नशीब घेऊन आलीय बया!

२० जुलै, रविवार
वैदेही पेपर घेऊन घरीच आली. "ताई, उद्या पाठवतोय. तू एकदा बघितलंस की मला धीर येईल." लेखकांत दुसरं नाव माझं. सरांशी भांडून तिनंच घातलंय म्हणे.
"आधी जेव," म्हटलं. आई वाढतेय, दोघी हसताहेत. मी बाहेरच्या खोलीत, पेपर मांडीवर, त्यावर ही वही.
आतून वैदेहीची हाक. "ताई, सापडलं का गं काही?"