बारा लाख चौतीस हजारांची फोड

३ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचं पत्र आलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात अजून साथ देत नाही, आणि डाव्याने गिरवायला दिलेली बाराखडी तू भिरकावून दिलीस म्हणे. तीस वर्षं दातेरी चाकं कापणाऱ्याने ग-गवताचा गिरवायचा, म्हणजे राग येणारच. पण एक तारखेला फोरमन तुला मोजमापाच्या टेबलावर बसवून बघणार, आणि तू लिहिलेले आकडे दुसऱ्याला वाचता आले तरच ठेवणार, हेही तिने कळवलंय.

म्हणून ही निवृत्त मास्तरीणबाई तुला गृहपाठ देते: १२,३४,५६७. याला कशाने पूर्ण भाग जातो का, शोध. दोन, तीन, पाच, सात, अकरा अशा मूळ संख्यांनीच भागत जा. अकराशे बाराला अकराशे बाराने गुणलं की आपला आकडा ओलांडला जातो, म्हणून अकराशे अकरापर्यंत काही सापडलं नाही, तर तो आकडाही मूळच. कॅल्क्युलेटरला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.
तुझी काळजी करणारी,
ताई

८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. अक्षराला हसू नकोस. सहाव्याच संख्येला गडी चीत! तेराने भाग गेला. उत्तर ९४,९५९, बाकी शून्य. कागद जोडलाय. आता आणखी अवघड काहीतरी काढ.
माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा भाऊ

१३ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर उलटं गुणून पाहिलं. १२,३४,४६७ आले. शंभर गळाले! १२५ मधून ११७ गेले, तिथे तू आठ बरोबर लिहिलास. पण तो सातासारखा दिसतो, आणि पुढे तूच तो सात वाचलास. खरी बाकी नऊ उरते. हवं तेवढं चिड, पण सोडू नकोस.
तुझी खडूस
ताई

२६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. दोन दिवस वहीला शिवलो नाही. हिच्याशीही धड बोललो नाही. मग वाटलं, माझा आठ मलाच वाचता येत नसेल तर फोरमनचं काय चुकलं? अशा आठापायी चांगलं चाक भंगारात जाईल. तिसऱ्या दिवशी पानभर नुसते आठ काढले आणि सतरापासून पुन्हा सुरुवात केली.

एकशे तेरापर्यंत तीस मूळ संख्या झाल्या, एकही लागू पडेना. हात भरून यायचा. मग ही तो शेकून द्यायची. आज एकतिसावी, एकशे सत्तावीस. उत्तर ९,७२१. बाकी शून्य! उलटा गुणाकार तीनदा केला. तूही कर.
आशीर्वाद असू दे, एक तारखेला लागेल.
तुझा भाऊ

२९ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. अगदी बरोबर! पत्र वाचून मी एकटीच घरभर फिरले. आता ९,७२१ चे आणखी तुकडे पडतात का बघ. आणि फोरमनसमोर घाई करू नकोस.
तुझी
ताई

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. पन्नास चाकं मोजून नोंदवली. फोरमनने वही उचलली आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावली. त्रेचाळिसाव्या आकड्यावर तो अडला. त्याने चष्मा पुसला आणि बरोबर वाचलं! तूर्तास तीन महिने टेबल माझं.

तुझ्या ९,७२१ साठी एकही भागाकार केला नाही. त्याला ज्याने भाग जाईल त्याने मोठ्यालाही जायला हवा, आणि एकशे तेरापर्यंतच्या सगळ्या तर मी घासून बघितल्यात. नव्व्याण्णव गुणिले नव्व्याण्णव ९,८०१ होतात, म्हणजे त्याचे दोन तुकडे पडलेच असते, तर एक तरी नव्व्याण्णवच्या आत असता. म्हणजे तो मूळच. बरोबर ना?

पुढच्या वेळी दोन मोठे आकडे पाठव. एक हिला हवाय. म्हणते, मी नुसती वाचत का बसू?
दोघांवर लोभ ठेव.
तुझा भाऊ