दोराला ढील

दिघा, नवी मुंबई
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

दीपेशदादास,
योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं मजेत. तू फोनवर मला ब्लॉक केलंस म्हणून पोस्टमनला कामाला लावलंय. पाकीट न फोडता टाकू नकोस, आत शेअर बाजार आहे!

दादा, जमलं रे! तुझ्या चार टप्प्यांप्रमाणे शेअर घेतला आणि एकदाही धांदल केली नाही. द्रोणागिरीच्या गोदामातून सुट्टीवर आलास की मोबाइलवर आलेख दाखवायचास, आठवतं? पहिल्या टप्प्यात शेअर नुसता पडून असतो, दुसऱ्यात चढतो, तिसऱ्यात वर जाऊन दमतो, चौथ्यात घसरतो. आणि मी हटकून चौथ्यात घुसायचे, स्वस्त झालाय म्हणून! "ओहोटीला होरी काढतंस न चिखलान रुततंस," असं चिडवायचास.

या वेळी पाइप बनवणारी एक कंपनी हेरली. वर्षभर एकाच पट्ट्यात लोळत होती. मध्येच एक दिवस उसळली आणि माझे हात शिवशिवले. पण खरेदी-विक्री वाढलेली नव्हती, तीस आठवड्यांची सरासरीही सपाट. थांबले. मी थांबले, दादा, मी! मग एके दिवशी भाव पट्ट्याच्या वर बंद झाला, खरेदी-विक्री दुपटीच्या वर आणि सरासरीनेही मान वर केली. तेव्हा घेतला.

स्टॉपलॉस, तो आपोआप विकून बाहेर काढणारा आकडा, मात्र खरेदीभावाच्या अगदी खाली चिकटवणार होते. भीती, दुसरं काय! तेवढ्यात बापाची होडी आठवली. सारसोळ्याच्या जेट्टीवर तू ऐन भरतीला ती ताठ बांधलीस आणि पाणी ओसरल्यावर होडी दोराला लटकली, आतली जाळी सगळी खाडीत! बापा ओरडला नाही. नुसता म्हणाला, "दोराला ढील ठेव रं बाला, पानी उतरनारच हाय."

मग स्टॉप आधीच्या घसरणीच्या तळाच्याही जरा खाली लावला. दोन दिवसांत भाव खाली आला, मी आधी ठरवलेल्या आकड्याच्याही खाली गेला आणि परत फिरला. ढील नसती तर मी बाहेर फेकली गेले असते. आता भाव चढतोय आणि नवा तळ दिसला की स्टॉप उचलून त्याच्या जरा खाली लावते. वरच, खाली कधीच नाही. मी घरात अक्षरशः नाचले!

संघर्ष म्हणाला, "अगं, एवढी खूश आहेस तर दादाला सांग ना. बोलायचं की नाही ते त्याचं तो बघेल."

त्याचं नाव आलं की तू पत्र खाली ठेवशील, म्हणून एवढा वेळ टाळलं. दादा, तो दिघ्याचा, बौद्ध घरातला, एवढ्यावरून तू आमच्या लग्नाच्या दिवशीच माझ्यातून बाहेर पडलास. शेअरला हलायला जागा द्यायला शिकवलंस, मला मात्र तेवढीही दिली नाहीस. मला राग आला होता. अजून आहे.

पण खरी बातमी ही की मला सातवा महिना लागलाय. पुढच्या महिन्यात, सात तारखेच्या रविवारी, डोहाळजेवण आहे. मालतीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पहिली ओटी माहेरची. माणूस येईपर्यंत आमी थांबू, टेन्शन घेऊ नको." आई-बापा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तू एकटा. त्या खरंच सगळ्यांना ताटकळत ठेवतील, एवढ्या हट्टी आहेत. तुझ्यासाठी जिताड्याचं कालवण करायचंही ठरलंय.

येशील ना रे? रागावूनच ये, पण ये.

स्टॉपलॉसशिवाय काही धरून ठेवायचं नाही, हा तुझाच नियम. तुझ्यावर मात्र मी तो लावलेला नाही आणि लावणारही नाही.

तुझी,
योगिनी