सिंहाचा जबडा

मंगळवार, संध्याकाळ
कॅम्प, बेळगाव

अंगठा ठणकतोय. दाजींचे दात चांगलेच रुतलेत. तरी लिहिते, नाहीतर डोक्यातनं जायचं नाही.

टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा, अख्खा कॅट हातानं रंगवायला घेतलाय, त्यातला 'शक्ती'चा पत्ता महिनाभर अडला होता. बाई नुसत्या हातांनी सिंहाचा जबडा मिटवते आणि तिचा चेहरा शांत. तो शांत चेहराच जमेना. खोटा वाटायचा. इटलीतल्या एका फार जुन्या पत्त्यावर बाईच्या जागी सोटा उगारलेला पुरुष आहे. ते कसं, पटतं.

आज दुपारी खडेबाजारात आक्काकडं गेलते. दाजींनी माझ्यादेखत तिला केसांना धरून आरशाच्या कपाटावर आपटलं. मी मागनं जाऊन त्यांचा जबडा दोन्ही हातांनी धरला. ते अंगठ्याला चावले. मी नाकासकट आणखी आवळला.

"सोड गं त्येन्ला, श्वास कोंडलाय," आक्का म्हणाली. तिच्या भुवईतनं रक्त गळत होतं, आणि हे तीच म्हणत होती.

मी सोडलं नाही. का नाही सोडलं? समोर आरसा होता. वाटलं, रागानं वेडंवाकडं झालेलं माझं तोंड दिसेल. चेहरा शांत होता. अगदी शांत.

शेवटी आक्कानंच माझी बोटं एकेक करून सोडवली.

घरी येऊन ह्याच अंगठ्यानं ब्रश धरला. बाईचा चेहरा एका बैठकीत जमला. सिंहाचे डोळे तेवढे बदलावे लागले. आधी त्यांत भीती नव्हती.