गाडी मीच चालवत होतो

सोम., १२ जाने.
विम्याचा एजंट जाधव आलता. गाडीचा हप्ता भरायचा. चहा घेता घेता मोबाईलवर गाडीचा नंबर घातला आणि भुवया वर केल्या. म्हटलं काय झालं? "अण्णा, गाडीवर दंडाच्या पावत्या लई हाईत की." सिग्नल तोडला, बेल्ट न्हाय, गाडी चालवताना फोन. सगळ्या माझ्या पोराच्या, प्रव्याच्या. गाडी माझ्या नावावर, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली. पण चालवतोय प्रव्या, रोज कागल एमआयडीसीला कामावर जायला. पावत्यांचे मेसेज माझ्याच फोनवर येत होते म्हणे. मला वाटायचं लोनवाले असतील. आता वाचत जायला पायजेत.

जाधव म्हणाला, सध्या कंपनी पावत्या बघत न्हाय, पण पुढं पावत्या बघून हप्ता लावायचं चाललंय. म्हटलं लावू दे की. त्याबिगर ह्यांची खोड जायची न्हाय.

संध्याकाळी प्रव्याला बोललो. "अण्णा, सगळ्यांच्याच हाईत पावत्या." वर तोंड करून बोलतोय. एसटीत सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून केली, बिनअपघाताचा बिल्ला छातीवर लावून रिटायर झालो. आणि घरात हे.

गुरु., २२ जाने.
प्रव्याचं लायसन तीन महिन्यासाठी निलंबित. फोनवर बोलताना परत सापडला. किल्ली काढून घेतली. जाधवचा फोन: "त्याच्या हातात गाडी देऊ नका अण्णा. निलंबित लायसनवर काय झालं तर कंपनी हात वर करणार."

मंगळ., २७ जाने.
किल्ली परत दिली. सौ. म्हणाली, पोरगं बसच्या दारात लोंबकळत जातंय, बघवत न्हाय. मलाही बघवत न्हवतं. म्हटलं, सावकाश जा आणि फोनला हात लावू नकोस.

मंगळ., ३ फेब्रु.
वाईट झालं. उद्या लिहितो.

बुध., ४ फेब्रु.
काल सकाळी प्रव्याचा फोन. आवाजच वेगळा. "अण्णा, लवकर या. बाई उडाली." शेजारच्याच्या मोटारसायकलवर बसून गेलो. एमआयडीसीकडं वळतात तिथं. गाडीचं तोंड मोडलेलं, मोपेड खाली पडलेली. बाईला लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. रस्त्यावर एक चप्पल आणि डबा. चपात्या बाहेर आलेल्या.

प्रव्या थरथरत होता. लहानपणी ताप चढला की असाच थरथरायचा. जाधवला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "घरात कुणाचं लायसन चालू हाय?"

म्हटलं, माझं.

"मग ठरलं. तुम्ही चालवत होता. न्हायतर बाईचं औषधपाणी, कोर्टकचेरी, गाडी, सगळं तुमच्या बोकांडी बसंल. आणि पोरगं आत जाईल ते वेगळंच."

पोलीस आला. कोण चालवत होतं? मी विचारसुद्धा केला न्हाय. मीच, म्हणालो. लायसन बघितलं त्यानं, माझ्याकडं बघितलं. "एसटीत होता मामा? आणि असं कसं केलं हो?"

प्रव्या माझ्या मागं उभा. खाली मान. एका शब्दानं बोलला न्हाय. मीच त्याला गप बसायची खूण केली होती, तरी पण मनात आलं, बोलंल.

रवि., ८ फेब्रु.
दवाखान्यात जाऊन आलो. सौ. नको म्हणत होती. बाईचं नाव सुमन, गडमुडशिंगीची. एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये चपात्या लाटते. पाय दोन ठिकाणी मोडलाय, सळी घातली. नवरा माझ्या अंगावर आला. "डोळं हाईत का भोकं?" ऐकून घेतलं. त्याचं काय चुकलं?

तो औषधं आणायला खाली गेला तशी ती म्हणाली, "मामा, तुम्ही न्हवता गाडीत."

मी तिच्या पायाच्या पट्टीकडं बघायला लागलो.

"मी बघितलंय की. तरणा होता. कानाला फोन होता."

खोटं बोलायला तोंडच उघडंना. म्हटलं, व्हय. लेकरू हाय माझं.

"मी बी कुणाचं तरी लेकरूच हाय की."

मान वर करायची सोय राहिली न्हाय. मग तिनंच विचारलं, विम्याचे पैसे मिळतील न्हवं? म्हटलं मिळतील. "मग मी बोलत न्हाय. मला पाय पायजे, भांडण नको. पण तुम्ही परत येऊ नका. तुमच्याकडं बघून राग येत न्हाय. आणि मला राग यायला पायजे."

घरी आलो, जेवलो न्हाय. सौ.ला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली. प्रव्याला सांगितलं. "म्हणजे ती बोलणार न्हाय ना?" एवढंच.

गुरु., १२ फेब्रु.
गॅरेजवर कंपनीचा सर्व्हेअर आलता. सभ्य माणूस. फोटो काढले, मग जबाब घेतला. "ब्रेक मारल्याची खूण न्हाय रस्त्यावर. ब्रेक का न्हाय मारला मामा?"

ह्याचं उत्तर मी घरनं ठरवून गेलोच न्हवतो. काय सांगणार? बाई समोर असताना ब्रेकवर पाय कसा जात न्हाय, मला ठाऊकच न्हाय. घाटात, धुक्यात, जत्रेच्या गर्दीत गाडी काढली. जी चूक आयुष्यात केली न्हाय ती मला तोंडानं करून दाखवायला लागली. शेवटी म्हटलं, डोळ्यावर उन्ह आलं.

लिहून घेतलं त्यानं. सही केली मी.

कोल्हापुरातनं कागलला जाताना गाडीचं तोंड दक्षिणेला. सकाळचं उन्ह डाव्या अंगाला असतंय. डोळ्यावर यायचं कुठनं? कुणी विचारलं न्हाय. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं परत येताना वाटलं.

शनि., २१ फेब्रु.
बाळू आलता. माझा जुना कंडक्टर. रिटायर मंडळींचा मेळावा हाय, दर वर्षी बिनअपघातवाल्या ड्रायव्हरांना नारळ आणि शाल देतात. मला वाटलं निमंत्रण द्यायला आलाय. बराच वेळ जुन्या गोष्टी काढत बसला. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर मी कसा ओरडायचो त्याची नक्कल केली. "रुमाल कुणाचा? उचला! माणूस आलं तर जागा!" सौ. पण हसली, लई दिवसांनी.

मग म्हणाला, "ह्या वर्षी तुझं नाव मागं ठेवलंय त्यांनी. लोकं बोलायला लागलीत."

म्हटलं, बरोबर हाय.

"बरोबर कसलं? उतरणाऱ्याचा पाय जमिनीला टेकस्तवर तू क्लच सोडत न्हवतास. तू न्हवतास त्या गाडीत."

"मीच होतो बाळू."

कप खाली ठेवला आणि चप्पल घालून गेला. बाळूशी पहिल्यांदा खोटं बोललो. पोलिसाशी बोलताना एवढं लागलं न्हवतं.

शुक्र., १३ मार्च
गाडी आली गॅरेजमधनं. रंग बेमालूम बसलाय. काही झालंच न्हाय असं वाटतंय.

जाधवनं सांगितलं, गाडीचा क्लेम घेतला म्हणून नो क्लेमची सूट गेली, पुढचा हप्ता चढा येणार. प्रव्या उसळला. लुटतात म्हणे कंपनीवाले. एवढी वर्षं भरलं त्याचं काय. तावातावानं जाधवशी भांडला. मी बघत बसलो. बाईचं नाव त्याच्या तोंडात एकदा आलं न्हाय आजवर, आणि हप्त्यासाठी जीव तळमळतोय.

किल्ली माझ्या खिशात. बजावलं, लायसन परत मिळेपर्यंत गाडीला हात लावायचा न्हाय. "व्हय अण्णा." बसनं जातो म्हणाला.

शनि., १४ मार्च
कोर्टाचं समन्स आलं. कागल कोर्ट. बेफिकिरीनं गाडी चालवून दुखापत केली. माझं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट. वडलांचं नाव तिथं बघून लई वाईट वाटलं.

सोम., २३ मार्च
पन्हाळा. लेकीकडं आलोय दोघं, चार दिवस. हवा चांगली. सौ. नातवाच्या मागं मागं. मी अंगणात बसलेलो. फोन वाजला. मेसेज. आता वाचतो सगळे.

माझा गाडी नंबर. वाहन चालवताना मोबाईलचा वापर. तारीख आजचीच.

मला वाटलं जुनी पावती असंल. जावयाकडनं फोटो उघडून घेतला. काचेला सौ.नं बांधलेलं लिंबू-मिरची दिसतंय. मागं प्रव्या. कानाला फोन. हसतोय. तोच कागल रोड.

घरात दुसरी किल्ली होती, माझ्या ध्यानातच न्हाय आलं.

जावई काय म्हणत होता ऐकू आलं न्हाय. जिथं बाईच्या चपात्या पडल्या होत्या तिथनंच गेला असणार तो. रोज. आणि हसतोय.

मंगळ., २४ मार्च
पहिल्या गाडीनं दोघं खाली आलो. प्रव्यापुढं फोन धरला. आधी म्हणाला जुना फोटो हाय. मग म्हणाला बस चुकली. मग म्हणाला, "एकदाच नेली. आणि कुणाला लागलं न्हाय की अण्णा."

हात उचलला होता मी. मारला न्हाय. तिसाच्या वरचा बाप्या, मारून काय करू. दुसरी किल्ली घेतली.

सौ. म्हणाली, "त्याला कशाला बोलताय? त्याच्या अंगावर काही आलंच न्हाय. तुमी येऊच दिलं न्हाय. मी बी न्हाय."

खरं हाय ते. मला वाटलं होतं मी त्याला वाचवला. मी त्याला फक्त सांगितलं की बापाचं नाव किती सोपं खर्च करता येतंय. आज फोटोतला तो हसणारा प्रव्या माझ्या सहीवर चाललाय. अजून एखादी बाई आडवी आली तर? तवा कुणाचं लायसन काढायचं घरातनं?

शुक्र., ३ एप्रिल
वकिलाकडं गेलतो. सरळ विचारलं, खरं सांगितलं तर काय होतंय?

ते म्हणाले, सांगू नका. गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. खरं सांगितलं तर खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावर वेगळी केस. पोरावर केस. गाडीचे पैसे कंपनी परत मागणार.

म्हटलं, आणि सुमनबाईचं? तिचं बुडणार?

"कोर्ट बहुतेक कंपनीला आधी तिला द्यायला लावंल, मग कंपनी तुमच्याकडनं वसूल करंल. तिचं लांबेल, पण बुडायचं न्हाय. बुडाल तुम्ही." घर माझ्या नावावर हाय हे पण त्यांनी आठवण करून दिली.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. आजवर मी स्वतःला सांगत होतो की बाईसाठी गप्प हाय. ते पण खोटं निघालं.

रवि., ५ एप्रिल
सौ.ला विचारलं, घर गेलं तर? तिनं भाकरी थापायची थांबवली न्हाय. "भाड्यानं राहू. आधी राहिलोच की." लगेच पुढं, "पण पोरगं आत गेलं तर मी जगायची न्हाय." दोन्ही एकाच दमात. तिला तरी काय विचारायचं.

सोम., ६ एप्रिल
उद्या तारीख.

दुपारी बिल्ला काढला. जरा काळपट झालाय. पुसला, परत डब्यात ठेवला. लावून जायचं तोंड न्हाय. खरं बोललो तर बघू.

संध्याकाळी प्रव्या जवळ येऊन बसला. किती दिवसांनी बसला असंल. म्हणाला, "अण्णा, उद्या मी रजा टाकतो. गाडीनं सोडतो तुम्हाला कोर्टात. उगाच एसटीत धक्के कशाला?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मनापासनं बोलत होता. लायसन अजून निलंबित. त्याच्या पायी मी कोर्टात उभा राहणार आणि तो मला तिथवर गाडी चालवत नेणार. त्यात काही चुकतंय हे त्याच्या ध्यानातच न्हाय. त्याचा राग यायला पायजे होता. भीती वाटली.

म्हटलं, मी एसटीनं जाणार. तू पण चल. माझ्या शेजारी बस. तिथं जज्जसाहेब विचारतील, गाडी कोण चालवत होतं. मला एकदा विचारून झालंय. आता तुला काय वाटतंय ते तू ठरव. मी खूण करणार न्हाय ह्या खेपेला.

तो हो म्हणाला न्हाय. न्हाय पण म्हणाला न्हाय. जमिनीकडं बघत बसला, मग उठून आत गेला. आत आईशी काहीतरी बोलतोय, ऐकू येत न्हाय.

आणि तो न्हाय आला तर मी काय बोलणार, ते मला अजून ठाऊक न्हाय. खरं सांगतो.

सकाळची कागल गाडी गर्दीची असते. स्टँडवर लवकर जायला पायजे. आयुष्यभर ज्यांच्यावर ओरडलो त्यांच्यासारखाच उद्या खिडकीतनं रुमाल टाकणार, शेजारच्या जागेवर. माणूस येतंय का बघू.