नायट्रेट शून्य

३ तारीख
आलो बुवा एकदाचा! सांडपाण्याच्या केंद्रात नोकरी म्हटल्यावर बायकोनं नाक मुरडलं होतं, पण वास नावालाही नाही. गाळणीघराच्या माडीवर माझी खोली, खाली वाळूचा भलामोठा हौद. साहेबांनी सगळं समजावलं. पाण्यातली घाण आधीच निघालेली असते, उरतं ते नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खाणं. ते तळ्यात गेलं की तळं हिरवं होतं आणि मासे मरतात. वाळूतले जंतू ते फस्त करतात, पण त्यासाठी त्यांना रोज साखर कारखान्यातली मळी पाजावी लागते. जावईच म्हणा ना! महिनाभर नायट्रेटचं रीडिंग नीट आलं की क्वार्टर मिळेल, मग बायको आणि लेक इथंच. लेक चार वर्षांची आहे. तिच्यावाचून घास गोड लागत नाही.

९ तारीख
मळीचा टँकर आलाच नाही. साहेबांना सांगायला जीभ रेटेना. नवा माणूस, आल्या आल्या रडगाणं कशाला? नोंदवहीत ‘मळी दिली’ असं ठोकून दिलं. दुपारी पाणी उतरवून अनवाणीच वाळू सारखी केली. कोमट लागली पायाला. संध्याकाळी रीडिंग शून्य. चक्क शून्य!

१४ तारीख
मळी नाहीच, नुसता रोज उतरून वाळू सारखी करतो, तरी शून्य. साहेबांनी पाठ थोपटली, आता खरं कुठल्या तोंडानं सांगू? इथले जुने फिटरमामा म्हणाले, आधीच्या ऑपरेटरचंही असंच शून्य यायचं. तो कुठं गेला विचारलं तर पाना उचलून चालते झाले. विचित्र माणूस. मी दोघांचं जेवतो, तरी पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली.

१८ तारीख
काठीनं मोजलं. हौद धुताना वाळू थोडी वाहून जाते, तेव्हा कमी भरायला हवी. वीतभर वाढलीय. आज हौदात उतरलो नाही, तर रीडिंग चढायला लागलं. घाबरून उतरलो. तासाभरात शून्य.
मळीच्या जागी मी. मला खातायत ते.

२१ तारीख
साहेबांना सगळं कबूल केलं. हसले. नोंदवही उघडून माझंच अक्षर मला दाखवलं. कामाचा ताण आहे म्हणे, घरची माणसं आली की बरं वाटेल. क्वार्टर आजच मंजूर.
पळालो. फाटकाबाहेर दहा पावलं, आणि श्वासच येईना. कोसळलो. मामांनी उचलून हौदाच्या काठावर आणून ठेवलं. तिथं श्वास आला. फक्त तिथंच येतो. मामा रडत होते.

२२ तारीख
बायकोला फोन केला. येऊ नको, पाया पडतो. तिला वाटलं थट्टा. कुणी सवत आणली की काय, म्हणून हसत सुटली. सामान बांधून झालंय. साहेबांनी गाडी पाठवलीय—

२३ तारीख
वाळूतच आहे. घोट्यापर्यंत. दुखत नाही — पाय उचलायचं त्राणच —

दार वाजलं. साहेब गाळणीघर दाखवतायत. बायकोचा आवाज. मी खाली, भिंतीलगत, कुणाला दिसत नाही. ओरडतोय — आवाज फुटत नाही —

लेकीला दिसलो. कठड्याच्या फटीतून. एवढी वाळू बघून तिचे डोळे — देवा —

नको म्हणून हात हलवला. तिला वाटलं, बाबा बोलावतोय.

शिडीपाशी आली. सँडल काढली. दुसरी पण. नीट शेजारी ठेव—